नसलेला तास, दोनदा आलेला तास: कोडमध्ये डीएसटी कसा हाताळायचा

९ मार्च २०२५ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये अडीच वाजलेच नाहीत. घड्याळात १:५९:५९ झाले आणि पुढच्या सेकंदाला थेट ३:०० वाजले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला उलटं घडलं. पहाटेचा दीड वाजून गेला आणि तासाभराने पुन्हा दीड वाजला. उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करण्याच्या या पद्धतीला डीएसटी, म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम, म्हणतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेही वेळ साठवली जात असेल, वेळेची बेरीज होत असेल किंवा ठरावीक वेळेला एखादं काम आपोआप सुरू होत असेल, तर वर्षातल्या या दोन रात्री त्याची परीक्षा घेतात.

माझी या प्रकाराशी गाठ पडली ती अपॉइंटमेंट नोंदवण्याच्या एका प्रणालीत. दर आठवड्याला येणाऱ्या रुग्णांसाठी आम्ही पहिल्या भेटीची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या आणि डीएसटी न पाळणाऱ्या प्रमाणवेळेत, बदलायचो आणि तिच्यात सात-सात दिवस मिळवत पुढच्या भेटी तयार करायचो. जानेवारी-फेब्रुवारी सुरळीत गेले. मार्चमधल्या त्या रविवारनंतर सकाळी दहाच्या सगळ्या भेटी अकराला दिसू लागल्या. रुग्ण दहाला दारात उभे आणि पडद्यावर त्यांचं नाव अकराच्या ओळीत. जास्त त्रास याचा झाला की ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला होता. तो सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा तुम्हाला आधीच माहीत असावा म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- टीझेडडेटा, म्हणजेच इंटरनेटवरची नावं-आकडे सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेचा टाइमझोन डेटाबेस. जगातल्या कोणत्या भागात कधी घड्याळ पुढे गेलं, कधी मागे आलं, याची नोंद इथे असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पॉल एगर्ट त्याचं संपादन करतात आणि २०११ पासून तो आयएएनएच्या छत्राखाली आहे. लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, जावा, पायथन, पोस्टग्रेस हा डेटाबेस, सगळे शेवटी याच विहिरीचं पाणी पितात.
- भाषेतली नवी लायब्ररी. जावात आवृत्ती ८ पासूनची जावा.टाइम, पायथनमध्ये ३.९ पासूनची झोनइन्फो, डॉटनेटमध्ये नोडाटाइम. जावास्क्रिप्टमध्ये टेम्पोरल उपलब्ध असेल तर ती, नसेल तर लक्सॉन.
- झेडडम्प. युनिक्सच्या टर्मिनलवर चालणारी ही छोटी आज्ञा एखाद्या झोनमधले सगळे बदल तारखेनिशी छापून दाखवते. वाद मिटवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.
- चाचणीत हवं तिथे थांबवता येईल असं घड्याळ. जावात क्लॉक नावाचा क्लास आहे, पायथनमध्ये फ्रीझगन किंवा टाइम-मशीन.
- तुमचे वापरकर्ते कुठे आहेत याची यादी. नुसती देशांची नको, टाइमझोनच्या नावांची करा.

पायरी १: ऑफसेट आणि टाइमझोन वेगळे करा

ऑफसेट म्हणजे यूटीसीपासूनचं त्या क्षणाचं अंतर, उदाहरणार्थ उणे पाच तास. टाइमझोन म्हणजे ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असं एक नाव, आणि त्या नावामागे त्या भागाचा सगळा इतिहास: कोणत्या तारखेपासून कोणता ऑफसेट लागू झाला आणि सध्याच्या नियमांनुसार पुढे कधी बदलेल.

झोनवरून ऑफसेट काढता येतो. ऑफसेटवरून झोन काढता येत नाही. उणे सात तास म्हणजे कुठलं शहर? फिनिक्स वर्षभर उणे सातवर असतं, कारण ॲरिझोना राज्याचा बहुतांश भाग डीएसटी पाळत नाही. डेन्व्हर हिवाळ्यात उणे सातवर असतं आणि लॉस एंजेलिस उन्हाळ्यात. वापरकर्त्याच्या नोंदीत तुम्ही फक्त ‘उणे सात’ लिहून ठेवलंत, तर सहा महिन्यांनी त्याच्या घड्याळात किती वाजले असतील हे सांगायला काहीच हाती उरत नाही.

इथले सापळे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

तीन अक्षरी नावं वापरू नका. ‘आयएसटी’ भारताचीही वेळ आहे, आयर्लंडचीही आणि इस्रायलचीही. ‘सीएसटी’ अमेरिकेच्या मध्य भागाची, चीनची आणि क्यूबाची. शिवाय ‘ईएसटी’ हे नाव झोन म्हणून दिलंत तर वर्षभर उणे पाचच मिळतात, उन्हाळ्यातला बदल त्यात येतच नाही.

‘ईटीसी/जीएमटी+५’ अशी नावं दिसली तर सावध व्हा. त्यातलं चिन्ह उलटं असतं. तिथे अधिक पाच म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे.

विंडोजची झोनची नावं वेगळी असतात. ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ हे तिथे उन्हाळा-हिवाळा दोन्हींसाठीचं नाव आहे. त्यातल्या ‘स्टँडर्ड’ शब्दावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आणि नियम स्वतः लिहायला बसू नका. ‘मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार’ एवढंच तर आहे, असं वाटतं. पण हा अमेरिकेचा नियम आहे, आणि तोही २००७ पासूनचा. त्याआधी तिथे एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरुवात व्हायची. युरोपीय संघात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यूटीसीनुसार १ वाजता, सगळे देश एकाच क्षणी बदलतात. सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं, पण त्याच किनाऱ्यावरच्या ब्रिस्बेनमध्ये काहीच होत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ फक्त अर्धा तास सरकतं. मोरोक्को २०१८ पासून वर्षभर यूटीसीच्या एक तास पुढे असतो आणि रमजानच्या काळात तेवढा एक तास मागे येतो, म्हणजे तिथला बदल चांद्र कालगणनेवर ठरतो. आयर्लंडच्या कायद्यात उन्हाळ्यातली वेळ हीच ‘प्रमाणवेळ’ आहे आणि हिवाळ्यात ती एक तास मागे जाते, म्हणजे डीएसटीच उणे. यातलं काहीही तुमच्या कोडमधल्या ‘इफ’ मध्ये बसणार नाही.

पायरी २: तुमच्या प्रत्येक वेळेची जात ओळखा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. कोडला हात लावण्याआधी कागद घ्या, डेटाबेसमधला तारीख-वेळेचा प्रत्येक रकाना लिहा आणि त्याच्यापुढे पुढच्या चारांपैकी एक शब्द लिहा.

क्षण. जे घडून गेलं ते: पैसे भरले गेले, संदेश आला, दार उघडलं. जगात तो क्षण एकच असतो आणि कुठल्याही सरकारच्या निर्णयाने तो हलत नाही. इथे यूटीसी अगदी योग्य.

भिंतीवरची वेळ. माणसांनी घड्याळ पाहून ठरवलेली पुढची वेळ: ‘१५ जूनला सकाळी दहा वाजता, मेक्सिको सिटीत’. सरकारने घड्याळ सरकवलं तर ही भेटही घड्याळाबरोबर सरकते, कारण माणसं घड्याळ पाहून येणार. यूटीसीतला आकडा इथे फक्त अंदाज असतो.

नुसती तारीख. जन्मतारीख, सुट्टी, देय तारीख. याला वेळ नाही आणि झोनही नाही. हिला मध्यरात्रीची वेळ चिकटवून यूटीसीत ठेवलंत तर कुणाचा तरी वाढदिवस एक दिवस आधी येईल. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख असलेला मजकूर जुन्या डेट ऑब्जेक्टला दिला की तो यूटीसीतली मध्यरात्र धरतो, पण त्याच तारखेपुढे वेळ जोडली आणि झोन दिला नाही तर स्थानिक वेळ धरतो. त्यामुळे न्यूयॉर्कच्या ब्राउझरमध्ये ९ मार्च हा ८ मार्च म्हणून दिसतो.

कालावधी. ‘दर आठ तासांनी गोळी’ हा कालावधी आहे, ‘रोज सकाळी आठला गोळी’ ही भिंतीवरची वेळ. वाक्यं सारखी वाटतात, पण घड्याळ बदलतं त्या रात्री दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. कोणतं हवं हे प्रोग्रॅमरने एकट्याने ठरवू नये. जाऊन विचारा. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर पहिल्यांदा कळलं की दोन विभाग एकाच रकान्याचा अर्थ वेगवेगळा लावत होते.

पायरी ३: साठवण त्या जातीप्रमाणे करा

क्षणांसाठी पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा प्रकार घ्या. नाव मात्र फसवं आहे. त्यात झोन साठवला जात नाही. आत येणारी वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते आणि बाहेर देताना त्या सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) झोनमध्ये दाखवली जाते. वापरकर्त्याचा झोन हवा असेल तर त्याला वेगळा रकाना द्या. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ सेशनच्या झोनमधून यूटीसीत जातो, ‘डेटटाइम’ मात्र दिलं तसंच ठेवतो. तिथे ‘टाइमस्टॅम्प’ची मर्यादा जानेवारी २०३८ मध्ये संपते, हेही ध्यानात असू द्या. आणखी एक: मायएसक्यूएलमध्ये झोनचे तक्ते आधी भरावे लागतात. ते भरले नसतील तर झोनचं नाव देऊन केलेलं रूपांतर गुपचूप ‘नल’ परत करतं.

भविष्यातल्या भिंतीवरच्या वेळेसाठी तीन रकाने ठेवा:

- स्थानिक तारीख-वेळ, झोनशिवाय
- टाइमझोनचं पूर्ण नाव
- या दोन्हींवरून काढलेला यूटीसी क्षण

पहिले दोन खरे. तिसरा शोधायला आणि क्रम लावायला सोपा जावा म्हणून काढलेला, आणि नियम बदलले की पुन्हा काढायचा.

हे कशासाठी, ते मेक्सिकोच्या उदाहरणाने पाहा. समजा २०२२ च्या सुरुवातीला कुणी १५ जून २०२३, सकाळी दहा, मेक्सिको सिटी अशी भेट नोंदवली. तेव्हाच्या नियमांनुसार जूनमध्ये ऑफसेट उणे पाच, म्हणून यूटीसीत १५:०० लिहिलं गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने देशाच्या बहुतांश भागात डीएसटी रद्द केला. आता जून २०२३ चा ऑफसेट उणे सहा. ज्याने फक्त १५:०० साठवलं होतं त्याच्या पडद्यावर सकाळचे नऊ दिसणार. ज्याने ‘सकाळी दहा’ आणि झोनचं नाव ठेवलं होतं, तो तिसरा रकाना पुन्हा काढून १६:०० वर आणू शकतो. पहिल्याला मात्र कुठली नोंद माणसांनी घड्याळाप्रमाणे ठरवली होती आणि कुठली खरोखर यूटीसीत ठरली होती, हे ओळखायचा मार्गच उरत नाही. माहिती साठवतानाच हरवलेली असते.

झोनचं नाव साठवताना ते टीझेडडेटामध्ये आहे का, हे तपासूनच आत घ्या. नावंही बदलतात. युक्रेनच्या राजधानीच्या झोनचं स्पेलिंग २०२२ मध्ये बदललं. जुनं नाव चालतं, पण दोन नोंदींचे झोन एकच आहेत का हे मजकुराची तुलना करून ठरवू नका.

पायरी ४: नसलेल्या आणि दोनदा आलेल्या तासाचा निर्णय आधीच घ्या

९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये २:३० ही वेळ नव्हती. पण वापरकर्ता फॉर्ममध्ये ती भरू शकतो. लायब्ररी काय करते?

जावा.टाइम ती वेळ पोकळीच्या (वगळल्या गेलेल्या तासाच्या) लांबीएवढी पुढे ढकलून ३:३० करते आणि काही बोलत नाही. २ नोव्हेंबरच्या १:३० साठी ती आधीचा, म्हणजे उन्हाळ्यातला ऑफसेट धरते. नंतरचा हवा असेल तर तो वेगळी पद्धत वापरून मागावा लागतो.

पायथनमध्ये फोल्ड नावाचा एक बिट आहे. दोनदा आलेल्या तासात ० म्हणजे पहिला, १ म्हणजे दुसरा. नसलेली वेळ तयार केली तरी पायथन तक्रार करत नाही. ती ओळखायची युक्ती सोपी आहे: वेळ यूटीसीत बदला, परत त्याच झोनमध्ये आणा आणि मूळ वेळेशी ताडून पाहा. जुळली नाही तर ती वेळ त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. फोल्ड ० आणि १ देऊन ऑफसेट वेगवेगळे आले, पण फेरी मारून वेळ जुळली, तर तो दोनदा आलेला तास.

टेम्पोरलमध्ये हा निर्णय नावानिशी सांगता येतो: आधीचा घ्या, नंतरचा घ्या, नेहमीसारखं वागा किंवा चूक म्हणून नाकारा. मला ही रचना सगळ्यांत आवडते, कारण निर्णय कोडमध्ये दिसतो.

तुम्ही कोणता निर्णय घ्यावा? माणूस समोर बसून फॉर्म भरत असेल तर नाकारा आणि सांगा: ‘या दिवशी घड्याळ पुढे जातं, त्यामुळे ही वेळ उपलब्ध नाही.’ रोज वाजणारी आठवण असेल तर पोकळीनंतरचा पहिला क्षण घ्या, आणि दोनदा आलेल्या तासात फक्त पहिल्यांदा वाजवा. पैसे, औषधं किंवा हजेरी यांच्याशी संबंध असेल तर अंदाज करू नका. ऑफसेटसकट वेळ मागा.

बदल नेहमी पहाटे दोनलाच होतो असंही नाही. इजिप्तने २०२३ मध्ये डीएसटी पुन्हा सुरू केला आणि तिथे एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मध्यरात्री बदल होतो. २५ एप्रिल २०२५ रोजी कैरोमध्ये ००:०० ही वेळ नव्हती, दिवस १:०० वाजता उजाडला. ब्राझीलमध्येही २०१९ साली डीएसटी रद्द होईपर्यंत असंच व्हायचं. ‘आजची मध्यरात्र’ काढताना तास, मिनिटं, सेकंद शून्य करून टाकणारा कोड इथे अडखळतो. जावात ‘ॲट स्टार्ट ऑफ डे’ ही पद्धत झोनसकट वापरा. ती त्या दिवसाचा पहिला खरा क्षण देते.

पायरी ५: बेरीज-वजाबाकी जपून करा

एक दिवस आणि चोवीस तास या दोन गोष्टी आहेत. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ हा दिवस २३ तासांचा होता, २ नोव्हेंबर २५ तासांचा. मीटरचे आकडे दर पंधरा मिनिटांनी साठवत असाल तर त्या दिवशी ९६ ऐवजी ९२ किंवा १०० नोंदी येतात. ९६ चा ठोकळा गृहीत धरलेला तक्ता तिथे मोडतो.

सेकंदांना ८६,४०० ने भागून दिवस मोजणारा कोड शोधा आणि काढून टाका. ९ मार्चची मध्यरात्र ते १० मार्चची मध्यरात्र यांत ८२,८०० सेकंद असतात. पूर्णांकी भागाकार केला की उत्तर शून्य दिवस. व्याज, मुक्कामाच्या रात्री, उशिराचा दंड, सगळीकडे हा शून्य शिरतो. दिवस मोजायचे तर दोन्हींच्या तारखा काढा आणि तारखांची वजाबाकी करा.

रात्रपाळी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा. एरवी आठ तास, मार्चच्या त्या रात्री सात, नोव्हेंबरच्या त्या रात्री नऊ. घड्याळातल्या आकड्यांची वजाबाकी केली तर प्रत्येक वेळी आठच येतात आणि नोव्हेंबरमध्ये एका माणसाच्या एका तासाच्या कष्टाचे पैसे बुडतात. दोन्ही टोकं क्षण म्हणून साठवा आणि क्षणांची वजाबाकी करा.

पायथनवाल्यांनी इथे थांबून वाचावं. दोन वेळा झोनसकट असल्या आणि दोन्हींचा झोन ऑब्जेक्ट एकच असला, तर पायथन वजाबाकी करताना ऑफसेट पाहतच नाही, घड्याळातल्या आकड्यांचीच वजाबाकी करतो. न्यूयॉर्कच्या ८ मार्चच्या दुपारी बारापासून ९ मार्चच्या दुपारी बारापर्यंत तो २४ तास सांगतो, प्रत्यक्षात २३ गेले. तसंच ९ मार्चच्या १:३० मध्ये एक तासाचा टाइमडेल्टा (पायथनमधला कालावधी) मिळवला की २:३० मिळतात, जे नव्हतेच. खरा गेलेला वेळ हवा असेल तर दोन्ही आधी यूटीसीत न्या, तिथे हिशेब करा, मग परत आणा. आणि जुना कोड पायटीझेड वापरत असेल तर झोन थेट डेटटाइमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दिलेला नाही ना, ते पाहा. तसं केल्यास न्यूयॉर्कसाठी उणे ४ तास ५६ मिनिटं असा एकोणिसाव्या शतकातला स्थानिक ऑफसेट मिळतो. त्या लायब्ररीत ‘लोकलाइझ’ ही पद्धत वापरावी लागते.

जावात प्लसडेज घड्याळ जपतो, प्लसअवर्स गेलेला वेळ जपतो. पोस्टग्रेसमध्येही ‘१ दिवस’ आणि ‘२४ तास’ हे वेगळे इंटरव्हल आहेत.

एखादं काम किती वेळ चाललं हे मोजायचं असेल तर तारीख-वेळेच्या वाटेला जाऊच नका. मोनोटोनिक घड्याळ, म्हणजे कधीच मागे न जाणारं यंत्राचं अंतर्गत घड्याळ, वापरा.

पायरी ६: ठरलेल्या वेळेची कामं

सर्व्हर यूटीसीवर ठेवा. त्याने निम्मे प्रश्न सुटतात. पण ‘ग्राहकाच्या सकाळी नऊला’ पाठवायचा अहवाल यूटीसीवरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या युनिक्सच्या प्रोग्रॅममध्ये) बसवला, तर वर्षातले काही महिने तो तासभर आधी किंवा नंतर जाईल. अशा कामांना झोनचं नाव देता येईल असा शेड्यूलर हवा. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या क्रॉनजॉबमध्ये आवृत्ती १.२७ पासून टाइमझोन देण्याची सोय पक्की झाली आहे.

क्रॉन स्थानिक वेळेवरच चालवावा लागत असेल तर त्याच्या माहितीपानातला डीएसटीचा परिच्छेद वाचा. डेबियनवरचा क्रॉन तीन तासांपेक्षा कमी बदल सांभाळून घेतो: वगळल्या गेलेल्या तासातली कामं बदलानंतर लगेच चालवतो आणि दोनदा आलेल्या तासातली पुन्हा चालवत नाही. सगळेच शेड्यूलर इतके समजूतदार नसतात. काहींमध्ये अडीचचं काम त्या दिवशी चालतच नाही, काहींमध्ये दीडचं दोनदा चालतं.

म्हणून दोन सवयी लावा. महत्त्वाचं दैनंदिन काम स्थानिक मध्यरात्र ते पहाटे तीन या पट्ट्यात ठेवू नका. आणि काम दोनदा सुरू झालं तरी बिघडणार नाही असं लिहा: ‘या झोनमधल्या या तारखेचं काम झालं’ अशी नोंद ठेवा, ती असेल तर बाहेर पडा. बिलं तयार करणाऱ्या कामासाठी ही नोंद नसेल, तर बाकी सगळं सोडून आधी ती करा.

पायरी ७: टीझेडडेटा ताजा ठेवा

नियम सरकार ठरवतं आणि सरकारं कधीकधी फार थोडी आगाऊ सूचना देतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळ पुढे करण्याच्या तोंडावर तो बदल लांबणीवर टाकला. काही संस्थांनी निर्णय मानला, काहींनी नाही, आणि एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या. काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. टीझेडडेटाची २०२३बी आवृत्ती पहिल्या निर्णयासाठी आली आणि लगोलग २०२३सी तो उलटवायला. त्या आठवड्यात कुणाच्या मशीनवर कुठली आवृत्ती होती, यावर त्याची वेळ ठरली.

अडचण अशी की टीझेडडेटाची प्रत एक नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची एक, जावाच्या रनटाइमची वेगळी, नोड या जावास्क्रिप्टच्या रनटाइमच्या आत आयसीयू या लायब्ररीची तिसरी, डेटाबेसची कदाचित स्वतःची, वापरकर्त्याच्या फोनमधली आणखी एक. यातल्या दोन प्रतींचं जमलं नाही तर सर्व्हर दहा म्हणतो आणि फोन नऊ. प्रत्येकीची आवृत्ती कशी पाहायची आणि कशी बदलायची, हे एका पानावर लिहून ठेवा. ऐन वेळी शोधायला वेळ मिळत नाही.

कंटेनर वापरत असाल तर हेही तपासा: अल्पाइन लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा नसतो, तो वेगळा घालावा लागतो. विंडोजवर पायथनला टीझेडडेटा नावाचं पॅकेज लागतं. गो भाषेत हा डेटा प्रोग्रॅमच्या आतच भरण्याची सोय आहे.

प्रत बदलल्यावर पायरी ३ मधला तिसरा रकाना, भविष्यातल्या नोंदींपुरता, पुन्हा काढा. भूतकाळातल्या क्षणांना हात लावू नका.

पायरी ८: दाखवणं आणि देवाणघेवाण

एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे, क्षण पाठवताना ऑफसेट नेहमी सोबत द्या. भविष्यातली भेट पाठवताना झोनचं नावही द्या. एप्रिल २०२४ मधल्या आरएफसी ९५५७ या इंटरनेट मानकाने तारीख-वेळेच्या मजकुरापुढे चौकटी कंसात झोनचं नाव लिहायची पद्धत पक्की केली आहे.

दोन देशांतल्या बैठकीचा मालक झोन, म्हणजे ज्याच्या घड्याळाप्रमाणे ती ठरते तो, एकच असू द्या. लंडन आणि न्यूयॉर्क यांत एरवी पाच तासांचं अंतर असतं, पण २०२५ मध्ये ९ ते ३० मार्च असे तीन आठवडे आणि २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हा एक आठवडा ते चार तासांवर आलं. या काळात कुणाच्या तरी घड्याळात बैठक सरकणारच. कुणाच्या, ते मालक झोन ठरवतो, आणि हे आमंत्रणात दिसलं पाहिजे.

पायरी ९: चाचण्या

चाचणी चालवणारं मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, आणि यूटीसीत कधीच काही बिघडत नाही. म्हणून चाचण्या किमान दोनदा चालवा, एकदा यूटीसीवर आणि एकदा टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल न्यूयॉर्कवर ठेवून. दुसऱ्या फेरीत ज्या चाचण्या पडतात त्या कुठेतरी मशीनच्या स्थानिक वेळेवर गुपचूप विसंबलेल्या असतात.

त्यानंतर या तारखा घ्या:

- न्यूयॉर्क, ९ मार्च २०२५, २:३०: नसलेली वेळ
- न्यूयॉर्क, २ नोव्हेंबर २०२५, १:३०: दोनदा आलेली. यूटीसीत एकदा ५:३०, एकदा ६:३०
- लंडन आणि न्यूयॉर्क, २० मार्च २०२५: अंतर चार तास
- सिडनी, ६ एप्रिल २०२५: दक्षिण गोलार्ध, एप्रिलमध्ये घड्याळ मागे
- लॉर्ड हाउ, तोच दिवस: अर्ध्या तासाचा बदल
- कैरो, २५ एप्रिल २०२५, ००:००: नसलेली मध्यरात्र
- फिनिक्स, वर्षातली कुठलीही तारीख: काहीही बदलता कामा नये
- सामोआची राजधानी आपिया, ३० डिसेंबर २०११: हा अख्खा दिवसच नव्हता. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे जाताना सामोआने २९ नंतर थेट ३१ तारीख घेतली

शेवटचं उदाहरण डीएसटीचं नाही, तरी यादीत ठेवा. ‘एक दिवस मिळव’ असं सांगून पुढच्या तारखेवर जाणारं तुमचं चक्र तिथे अडकतं की पुढे जातं, हे पाहण्यासारखं असतं.

चाचणीत ‘आत्ता’ची वेळ थेट सिस्टिमकडून घेऊ नका, घड्याळ बाहेरून हातात द्या. आमच्या त्या अपॉइंटमेंटच्या प्रणालीत सगळ्यांत मोठा बदल हाच ठरला. घड्याळ बाहेरून देता येऊ लागल्यावर आम्ही मार्चचा तो रविवार ऑक्टोबरमध्ये बसून शंभर वेळा चालवून पाहिला. प्रत्यक्ष रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी दहाच्या ओळीत दहाचीच नावं होती.